दोन हाका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या ध्वनिशास्त्राच्या आमच्या बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी प्रयोगशाळेतला ध्वनिमुद्रक. दुसऱ्यांचे आवाज टिपण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे स्वतःचा जरा परकाच वाटतो. असो.

बाई पहिल्याच तासाला म्हणायच्या, "काल. काळ." जीभ किंचित मागे वळते, फरक तेवढाच. पण आपल्याला अर्थ वेगळा. ज्या भाषेला हा फरक लागत नाही, तिथल्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. त्याचे कान बिघडलेले असतात का? नाही. तान्ह्या बाळाला असे सगळे फरक कळतात. घरच्या भाषेला नको असलेले वर्षभरात गळून पडतात.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या. त्या तान्ह्या असताना तापाच्या साथीत आई गेली. परभाषिक शेजाऱ्यांनी त्यांना वाढवलं. साथीआधी बाईंच्या गुरूंनी त्या आईचं बोलणं मुद्रित केलं होतं. त्यात ती मध्येच थांबून लेकीला हाक मारते. दोनदा.

"माझंच नाव," ताई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

"आईची ही भाषा शिकणार?" बाईंनी एवढंच विचारलं.

कित्येक महिने दोघी अशा एकाच ध्वनीच्या फरकाच्या शब्दजोड्या घोकत बसायच्या. एका दुपारी ताईंनी कानावरचे हेडफोन काढले.

"बाई, ही दोघींना बोलावतेय."

"हो. मला आधीच ऐकू आलं होतं. पण ते तुम्हाला आईकडूनच कळायला हवं होतं."

ताई तडक घरी गेल्या. वाढवणाऱ्या आईनं मान खाली घातली. "जुळ्या होतात तुम्ही. एक तापात गेली. सांगून तुझ्या जिवाला घोर कशाला लावायचा?"

"मग मी कोणती?"

"आम्हाला दोन्ही नावं एकच वाटायची गं."

हे सांगणारं आता दुसरं कुणीच उरलेलं नाही.

ताई अजूनही येतात. मी मुद्रण लावून देतो आणि काचेपलीकडे बसतो. आईच्या पहिल्या हाकेला त्या ओ देतात. दुसरीलाही देतात, जरा वेगळ्या आवाजात. तो दुसरा आवाज ऐकताना मी काचेकडे बघत नाही. बाई मात्र नेहमी त्यांचा हात धरून शेजारी बसायच्या. उद्यापासून ती खुर्ची मला घ्यावी लागेल.

बाई, तुम्ही आम्हाला ऐकायला शिकवलंत, ते ऋण मोठं आहे. मंडळी, आपण इतक्या शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात जीभ कुठे घसरली असेल, तर ते पोटात घाला.