आमची म्हैस, तिचा स्टॉल

हॅलो?… हॅलो, दीप्ते… थांब, हितं लई कालवा हाय, दारापाशी येते… हां, बोल.

कुठं म्हंजे? कोल्हापुरातच. त्या स्टार्टअपच्या कार्यक्रमाला… व्हय, अनुजाच्या. सासूबाई म्हणाल्या, मोठी जाऊ म्हणून तू गेलंच पायजे. आले झालं… कौतुकानं? मी?… अगं ऐक ना. हॉलमध्ये पंचवीस-तीस स्टॉल. शिरोलीचे कारखानदार, पुण्याचे पावणे, जो तो कार्ड काढून एकमेकाच्या हातात देतोय. एकानं मला इचारलं, मॅडम, तुमचं प्रॉडक्ट काय? मी म्हटलं, दूध.

…हसू नको.

आणि तिचा स्टॉल बघायचा. भला मोठा फोटो, आमच्या मोरणीच्या गळ्यात हात टाकून… मोरणी गं, म्हैस. बारा वर्सं शेण मी काढते, धार मी काढते, आणि फोटोत ही. लग्न होऊन आली तवा म्हशीजवळ जायला भ्यायची.

काय इकायलीय?… पट्टा. म्हशीच्या गळ्यात बांधायचा. जनावराला काय झालं की घरच्यांच्या मोबाईलवर मेसेज… व्हय, हुशार हाय, कोण न्हाय म्हणतंय? पण म्हैस रवंथ कमी करायला लागली की दुखणं येतंय, हे तिला सांगितलं कुणी? वरीसभर गोठ्यात माझ्याशेजारी वही घेऊन बसायची. मी सांगायची, ती लिवायची. आता ती स्टेजवर चढणार आणि मी मागल्या खुर्चीत बसणार… जळते. व्हय, जळते. तुझ्यापाशी काय लपवू?

…ऐक, कुणाला बोलायचं न्हाय. आधी शपथ घे… निघताना मी मोरणीचा पट्टा सोडला आणि खुंटीला अडकवून आले… कशाला म्हंजे? मोरणी गोठ्यात काय करतीय ते आज मोठ्या पडद्यावर दाखवणार हाय ती, सगळ्यांसमोर. गळ्यात पट्टाच न्हाय म्हटल्यावर पडदा कोरा. होऊ दे की जरा फजिती… पाप कसलं त्यात? एका दिवसाची तर गोष्ट.

थांब, थांब, तिचंच नाव पुकारलं… चढली स्टेजवर. साधाच ड्रेस घातलाय, तरी टाळ्या… मशीन लावायलीय…

अगं बया.

कोरा न्हाय दीप्ते, लाल झालाय पडदा. ‘हालचाल बंद’ लिवलंय… काय सांगू, म्हैस मेली असंच वाटायलंय सगळ्यांना. ती पांढरीफटक पडलीय… व्हय, हेच पायजे होतं मला. म्हाईत हाय. नको सांगू.

तिचा फोन वाजला… आमच्या ह्यांचा हाय. माईकला धरला तिनं… ऐकू आलं का तुला? न्हाय? तासभर हालचाल न्हाय म्हणून मगाशी मेसेज आला, उसातनं पळत आलो म्हणतायत. म्हैस बरी हाय, पट्टा कुणीतरी खुंटीला टांगलाय. अख्ख्या हॉलनं ऐकलं.

…माझ्याकडं बघायलीय. कळलं तिला. दुपारी गोठ्यात माझ्याशिवाय कोण असतंय?

गप, गप, बोलायलीय…

दीप्ते… माझं नाव घेऊन म्हणाली, ‘क्रांतीअक्कांना मीच सांगितलं होतं, पट्टा काढून ठेवा म्हणून. मेसेज जातोय का न्हाय ते तुम्हाला दाखवायला.’

…टाळ्याच वाजायल्यात की. उभं राहून.

न्हाय, रडत न्हाय. राग आलाय मला… वाचवलं तिनं, व्हय, पण मी सांगितलं होतं वाचीव म्हणून? आता जळायची पण सोय ठेवली न्हाय हिनं. घरी गेल्यावर एका चुलीपाशी बसायचं हाय आम्हाला…

थांब, एक पावणे काय तरी इचारायलेत… काय म्हणता? व्हय, माझी धाकटी जाऊ… तो पट्टा?… तिनंच केलाय. सगळा. एकटीनं.

…ऐकलंस न्हवं? मग परत कशाला इचारतीस? ती खाली उतरली, इकडंच यायलीय. ठेव फोन… ठेव म्हटलं की.