उद्धवच्या गाडीचा चढ आणि आईच्या ओव्या

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. कथेआधी एक प्रश्न टाकतो, उत्तर मनातल्या मनात द्या. ओझं फार झालं, की माणूस आधी काय टाकून देतो? जड असेल ते? छे! खराब असेल ते? तेही नाही! जे तक्रार करत नाही ना – तेच आधी टाकतो!

पटलं नाही? मग चला बार्शीला, उद्धव लोहकऱ्याच्या घरी.

हा उद्धव ट्रक ड्रायव्हर. उभी हयात स्टिअरिंगवर गेली. पुढं गुडघा मोडला, ट्रक विकला, माणूस घरात बसला. आता ड्रायव्हर घरात बसला म्हणजे काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारा! भाजीत मीठ किती हेही हॉर्न वाजवल्यासारखं ओरडून सांगणार! मग लेकीनं, रोहिणीनं, उपाय काढला. कॉम्प्युटर आणला, अन् त्यात ट्रक चालवायचा गेम घालून दिला. रस्ते, घाट, आरसे – सगळं पडद्यावर! उद्धव हरखला. रविवारी दुपारी जुने ड्रायव्हर दोस्त आपापल्या घरून त्याच गेममध्ये यायचे. एकामागं एक गाड्या, कानाला हेडफोन, अन् तोंडात शिव्या – प्रेमाच्या हो!

पण त्याच कॉम्प्युटरात दुसरंही काही होतं. हे ध्यानात ठेवा बरं! उद्धवची आई गोदाबाई. जात्यावरच्या ओव्या तिच्या जिभेवर. नातीनं, रोहिणीनंच, बसून एकेक ओवी आधी फोनवर टिपली, मग त्या मशीनमध्ये भरून ठेवली. अन् पुढं म्हातारीला लकवा झाला. वाचा गेली! तेव्हापासून रोज सकाळच्या चहाला उद्धव एक ओवी लावायचा. म्हातारी पुढ्यात बसायची, ओठ हलवायची, अन् धडधाकट राहिलेला डावा हात गोल गोल फिरवायची – जसा जात्याचा खुंटाच धरलाय! आवाज स्वतःचा, अन् ऐकायचा कॉम्प्युटरच्या पेटीतून!

अन् उद्धव? तो शेजारी बसून चहा प्यायचा. ध्यान कुठं? रविवारच्या घाटात!

कारण गाडी चढाला अडायला लागली होती. सपाटीला ठीक. चढ लागला की चित्र थबकायचं, मग एकदम उडी मारायचं, अन् ट्रक थेट दरीत!

"उद्धवदादा, डोळा लागला का रं?" लातूरचा दिगूनाना हेडफोनमधून ओरडायचा. "त्या दरीत आता तुझ्या नावाची पाटीच लावू. लोहकरे वस्ती!"

सगळे खो-खो हसायचे. मंडळी, ज्यानं आयुष्यात गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, त्याला हे सोसेल?

"नाना, मशीनच थकलंय माझं."

"भरलं असंल. नको ते पुसून टाक. हलकं कर, पळंल!"

झालं! उद्धव पुसायला बसला. लग्नाचे फोटो गेले. बारशाचे व्हिडिओ गेले. शेवटी राहिला ओव्यांचा साठा. बोट थांबलं, मंडळी! खोटं कशाला बोलू – थांबलं. मागं खाटेवर आई बसली होती. विचारायचं होतं ना तिला? पण ती काय बोलणार! मन म्हणालं, "रोहिणीच्या फोनमध्ये असतीलच की." अन् बोटानं दाबलं! वरून मशीनची कचरापेटीही रिकामी केली. त्या जागेवर गेमचे नवे रस्ते भरले.

मग? गाडी पळाली?

चढ आला. थबकली. दरीत!

उद्धवनं रागानं पेटीवर थाप मारली – अन् हात चटकन मागं घेतला. पेटी तापली होती, तव्यासारखी! तेव्हा त्याच्यातला ड्रायव्हर जागा झाला. अरे, चढाला गाडी दम टाकते तेव्हा ड्रायव्हर काय बघतो? सीटखालची पिशवी? का रेडिएटर?

पेटीवर बायकोनं शिवलेली मखमलीची खोळ होती. धूळ बसू नये म्हणून! ती ओढली. पेटीचं दार उघडलं. अन् आत काय? देऊळ! ट्रक गेला तरी खंडेनवमी सोडली नव्हती ना त्यानं! दरवर्षी या पेटीला हळदकुंकू, अक्षता, वर धुपाटणं थेट तिच्या पंख्यासमोर. पंखा सगळं आत ओढतो, तर हा म्हणायचा, "बघा, नैवेद्य घेतला!" धुपाची काजळी, कुंकवाचे थर, पात्यात अडकलेली झेंडूची पाकळी. मशीनचा श्वास कोंडला होता, अन् तापलं की ते स्वतःहून पाऊल आवरत होतं! पूजा यानंच केली, गळाही यानंच दाबला!

बंद करून ब्रशनं सगळं झाडलं. खोळ फेकली. त्याच रविवारी संध्याकाळी दोस्त पुन्हा जमले, अन् ट्रक घाट चढला – लोण्यासारखा! दिगूनाना म्हणाला, "दादा, आता पाटी काढतो बरं का!" उद्धवला गगन ठेंगणं!

अन् सोमवारी सकाळी चहा आला. म्हातारी येऊन बसली. डावा हात वर उचलून वाट बघायला लागली.

उद्धवनं फोन लावला. "रोहिणे, आजीच्या ओव्या जरा पाठव गं."

"माझ्याकडं कुठल्या, पप्पा? फोन भरला तेव्हाच पुसल्या. तुमच्याकडं आहेतच की!"

मंडळी... ऐकलंत? हिला वाटलं त्याच्याकडं, त्याला वाटलं हिच्याकडं! अन् जिच्या होत्या, ती समोर बसलेली. तिला कुणी विचारलंच नाही!

उद्धवनं कपबशी खाली ठेवली. शेवटी त्यानं स्वतःच तोंड उघडलं. "मूठ घालिते जात्याला, लेक गाडीवरी गेला..." पुढं? पुढची ओळ येईना! रोज ऐकलेली, कधीच न ऐकलेली! त्यानं एक शब्द लावून बघितला. म्हातारीनं मान हलवली – नाही. दुसरा लावला. नाही! आजही रोज सकाळी तो तसाच बसतो. शब्द लावतो, ती मान हलवते. लेकासाठी आईनं काय मागितलं होतं त्या ओळीत? मला विचारू नका. मलाही ठाऊक नाही. ते तिच्या पोटात आहे, अन् पोटातून ओठावर यायची वाट बंद आहे!

आपणही असेच, मंडळी. कुंकवाचे थर तसेच ठेवतो, अन् ओव्या पुसतो!

आता हे समोरचे हात बघा – किती मोबाईल वर झालेत! माझं कीर्तन भरून घेताय. घ्या, बाबांनो, घ्या. पण सकाळी मोबाईल म्हणाला असेल ना, जागा नाही?

मग खरं सांगा – माझ्यासाठी कुणाचा आवाज पुसलात?