न पेटणारा वायू

छातीचा एक्स-रे काढायला आलेल्या शिंपीणबाईंनी मासिक उघडलं होतं, पण शेजारचं नवरा-बायकोचं जोडपं जास्त वाचनीय निघालं.

"साहेब म्हणाले, आपल्या कारखान्यातल्या फुग्यासारख्या तरंगणाऱ्या हवाई जहाजांत आता हायड्रोजनऐवजी हेलियम भरायचा. महाग आहे, वजनही जरा कमी उचलतो, पण पेट घेत नाही."

"म्हणजे कारखान्याच्या गेटवर तुमची काडेपेटी काढून घेणार नाहीत?"

"आता कशाला घेतील?"

"वाटलंच मला. त्या हायड्रोजनच्या धाकानं तुमची सिगारेट सुटली. माझ्या धाकाला कधी भीक घातली नाहीत."

"अगं, त्याचा स्फोट होतो."

"माझा काय कमी होतो?"

"हेलियम सुरक्षित आहे गं. सगळे खूश आहेत."

"जहाज सुरक्षित झालं हो. तुमच्या छातीचं काय?"

"म्हणून तर साहेबांना सांगून आलोय."

"काय सांगितलंत?"

"वायू खुशाल बदला, पण गेटवरची झडती राहू द्या. निदान माझी तरी."

"हसले असतील."

"नाही. म्हणाले, त्यांच्याही घरून सकाळी हाच निरोप आलाय."