नानांना हवी होती ती खाडाखोड

वालूरची वडीलधारी मंडळी, सोनपेठ, पोखर्णीहून गाड्या जुंपून आलेले पाहुणे, नानांचे थोरले बंधू दादासाहेब, आणि शाळेच्या आतल्या खोलीत दाराशी बसलेल्या नानांच्या पत्नी, आमच्या काकू, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलता येतं असं लोक म्हणतात. पारावर येतं. रेल्वेच्या डब्यात येतं. अनोळखी माणसाच्या ओसरीवर बसून जेवणवेळ होईस्तोवर येतं. आज मात्र नानांच्या शोकसभेत या ओट्यावर चढायला नको वाटत होतं. मी खाली बसूनच राहणार होतो. पण माझ्या आधी सोनपेठचे दौलतराव बोलले. तुम्ही ऐकलंत. ते म्हणाले, "नानांच्या योजनेपायी ह्या रंगनाथानं लय पायपीट केली. गावोगाव हिंडला. योजना बुडाली ती वरच्यांनी बुडवली. आपलं पोरगं कुठंच कमी पडलं न्हाई."

तुम्ही माना डोलावल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "खरंय."

मंडळी, खरं नाही. ती योजना मी बुडवली.

थांबा, दौलतराव. बसा. मला एकदाच बोलू द्या. मधे थांबलो तर मी विषय सोडून दुसरीकडं जाईन, माझी खोड तुम्हाला माहीत आहे.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ती योजना काय होती तेच ठाऊक नसेल. नाना हैदराबादेत विद्यापीठात गणित शिकवत होते, एवढं गावाला माहीत. सुटीत आले की तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांना आकडेमोडीची कोडी घालायचे, तेही माहीत. पण तिकडं ते काय बघत होते? दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत ते छत्री घेऊन फाटकाशी उभे राहायचे. आपल्या बाजूची पोरं लांबूनच ओळखायचे. म्हणायचे, "वळकटी डोक्यावर आणि धोतराचा सोगा हातात. आला आमचा परभणीवाला!"

मीही तसाच गेलो होतो. मराठी शाळेत गणितात पहिला. तिथं सगळं शिकवणं उर्दूत. पहिल्या तासाला रसायनाचे मास्तर बोलू लागले. माणूस फार चांगला, बोलणंही गोड. पण मला वाटलं, मी कुणाच्या तरी लग्नात चुकून घुसलोय. फीमाफीची चिठ्ठी एका कचेरीत, बोर्डिंगाची दुसरीत, आणि पुस्तकांची मैलभर लांब तिसरीत. मराठीचे मास्तर होते, पण ते कलेच्या विभागात. आम्ही शास्त्राची पोरं. त्यांच्या वर्गात पाय ठेवायची सोय नव्हती. मी सहा महिने काढले आणि एक दिवस स्टेशनवर जाऊन जी गाडी लागली होती तिच्यात बसलो. ती मनमाडची निघाली. मनमाडला एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत... ते असू द्या.

नानांचं म्हणणं साधं होतं. ते मला एकदा सोनपेठच्या बाजारात उभं करून म्हणाले, "हा बाजार बघ. बैल कुठं बांधलेत?"

म्हटलं, "त्या लिंबाखाली."

"दावी, कासरे, घुंगरं कुठं?"

"तिथंच, बाजूला."

"का?"

म्हटलं, "बैल घेणाऱ्याला दावं लागतंच की, नाना."

"मग ज्यानं हा बाजार मांडला त्याला अक्कल होती. त्यानं घेणाऱ्याकडं बघून मांडला. आमचं विद्यापीठ मात्र, विकणाऱ्यानं आपल्या सोयीनं मांडलंय. मला ते उठवून नव्यानं मांडायचंय."

विभागांच्या भिंती मोडायच्या. पहिल्या वर्षी शास्त्र, कला, कायदा, काहीही घेणारा असो, बाहेरून आलेल्या पोराला एकाच तयारीच्या विभागात बसवायचं. तिथं मराठीवाल्याला मराठीतून, तेलुगूवाल्याला तेलुगूतून, कानडीवाल्याला कानडीतून विषय उलगडून सांगायचा, आणि तो सांगता सांगता उर्दूत न्यायचं. पोरगं पोहायला लागलं की मग त्याच्या त्याच्या कॉलेजात सोडायचं. तिन्ही चिठ्ठ्या एका खिडकीत द्यायच्या. एवढंच. नाना उर्दूच्या विरोधात नव्हते हो. काझीसाहेब, तुम्ही इथं आहात, तुम्ही त्यांचे शेर ऐकलेत. त्यांचं म्हणणं, पोरगं दारातच अडखळून पडतंय, तर उंबरा थोडा खाली करा.

नानांनी चार वर्षं घासाघीस केली आणि एक कमिटी बसली. कमिटीनं विचारलं, प्रोफेसरसाहेब, पोरं भाषेपायी आणि ह्या कचेऱ्यांच्या फेऱ्यांपायी पळतात याला पुरावा काय? पळून गेलेल्या पोरांनाच विचारा. त्यांच्या तोंडचं आणा.

तर पळून गेलेली पोरं शोधायला पळून गेलेलाच गडी हवा. नानांनी मला बोलावलं.

त्यांनी मला काय सांगितलं ते शब्दाला शब्द सांगतो. "रंगनाथ, प्रत्येकाकडून त्याच्या हातानं लिहून आण. का सोडलं, एवढंच. मराठीत लिहू दे, मोडीत लिहू दे, मोडक्या उर्दूत लिहू दे. चुकू दे. खाडाखोड होऊ दे. ती खाडाखोडच मला दाखवायचीय." आणि म्हणाले, "कमिटी बसायच्या आधी आठ दिवस माझ्या हातात दे. मी बघून पुढं देईन."

मी निघालो. पहिले दिवस खरंच फिरलो. सोनपेठला गेलो, इथं वालूरला आलो, पोखर्णी तर माझं गावच. पोरं सहजासहजी लिहीत नव्हती. एक जण म्हणाला, "आता काय लिव्हू? मी नापास झालो ते झालो, वरून सही करून सांगू व्हय?" एकाची आई म्हणाली, "त्याला परत बोलवायला आलास का रे? न्हाई ना? मग पाणी पी अन् जा." पण काहींनी लिहिलं. गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. एकानं लिहिलं होतं, मला गणित येतं, पण गणितात जे जे असतं त्याला तिथं काय म्हणतात ते येत न्हाई. दुसऱ्यानं लिहिलं, बोर्डिंगात जागा मिळाली तोवर परीक्षा होऊन गेली, तोवर धर्मशाळेत होतो. तिसरा, त्याचं नाव घेत नाही, तो समोरच बसलाय. त्यानं उर्दूत सुरुवात केली, दोन ओळी खोडल्या, मग मराठीत लिहिलं, मास्तर चांगले होते, मी मागं बसायचो, पुढं बसलो असतो तर इचारलं असतं.

असे मोजके कागद जमले. आणखी पुष्कळ जमायचे होते. पण सोनपेठच्या बाजारात मला एक घोड्यांचा व्यापारी भेटला. त्याच्याकडं एक अबलख शिंगरू होतं, त्याला हलगीच्या तालावर पाय टाकायला शिकवलं होतं. मी त्याच्याबरोबर गंगाखेडला गेलो. तिथून आणखी पुढं गेलो. मंडळी, मला कुणी धरून नेलं नाही. आठवड्याचे तीन आठवडे झाले. शुद्धीवर आलो तेव्हा कमिटी बसायला चार दिवस उरले होते.

मी ते मोजके कागद घेऊन तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या एका अर्जनवीसाकडं गेलो. मीरसाहेब त्यांचं नाव. वृद्ध गृहस्थ, लिंबाखाली चटई, पुढं दौत आणि बोरू. आसपासच्या कितीतरी गावांच्या दरख्वास्ती त्यांच्या हातच्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी माझे कागद उचलले, चष्म्यापुढं धरले आणि हसले. "मियाँ, ये क्या लाए? मुर्गी चली क्या कागद पे? ऐसा सरकार में भेजते? लोगाँ हसेंगे ना!"

आणि मला लाज वाटली.

इथं जरा थांबतो. कारण सगळं इथंच घडलं. मला माझ्या उशिराची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मला त्या पोरांच्या अक्षराची लाज वाटली. मला डोळ्यांसमोर दिसलं, मोठे मोठे लोक गोल टेबलाशी बसलेत आणि आमच्याकडचे हे चुरगळलेले, तेलाचे डाग पडलेले कागद चिमटीत धरून एकमेकांना दाखवतायत. आपल्याकडं लहानपणापासून काय बघितलं? सरकारात कागद जायचा तर तो अर्जनवीसाच्या हातचा, उर्दूत, अदबीनं. घरचं लिहिणं घरात. मी मीरसाहेबांना म्हटलं, "आप पक्का कर दो. और बाकी के भी बना दो, नावं मी सांगतो."

त्यांनी दोन दिवसांत ढीग करून दिला, ज्यांना मी भेटलोही नव्हतो त्यांच्या नावाचेही कागद त्यात. काय अक्षर! काय मजमून! प्रत्येकाची सुरुवात वेगळी, प्रत्येकाला एक शेर. मी खूश. मग त्यांनी विचारलं, "कच्चे का क्या करना?" अर्जनवीसांचा रिवाज आहे, पक्का झाला की कच्चा गिऱ्हाइकासमोर फाडायचा, म्हणजे पुढं दोन कागदांत फरक निघून कज्जा नको. मी म्हटलं, "फाडा." त्यांनी माझ्यासमोर फाडले. मी बघत उभा होतो.

गाडीनं हैदराबाद गाठलं. कागद त्याच संध्याकाळी दाखल व्हायचे होते, आधी नानांकडं जायला वेळ राहिला नव्हता, म्हणून लाखेचा शिक्का मारलेला लखोटा सरळ कमिटीच्या कचेरीत दिला. नंतर नानांना भेटलो. ते म्हणाले, "मला बघायचे होते रे."

म्हटलं, "वेळच नव्हता, नाना. पण काळजी करू नका. एकदम पक्कं काम आहे."

पक्कं काम!

दुसऱ्या दिवशी कमिटीत लखोटा उघडला. मी बाहेर बाकावर होतो. आत एक सदस्य एकेक कागद वाचायला लागले. आवाज बाहेर येत होता. वाचता वाचता ते रंगात आले. एका शेराला दुसऱ्या कुणी वाहवा दिली. मग ते थांबले आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, इन लड़कों की उर्दू तो हमसे अच्छी है। इनको आप क्या सिखाना चाहते हैं?"

सगळे हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. उर्दू येत नाही म्हणून पोरं पळतात, हे सांगायला आलेला एकेक कागद फर्मानासारखा लिहिलेला! योजना त्या दिवशी तिथंच मिटली. दुसऱ्या विषयाला हात घातला गेला.

नाना काय बोलले? त्यांना कागद बघताक्षणी कळलं असणार. ते म्हणू शकले असते, मी ज्याला पाठवलं त्यानं फसवलं. तसं म्हणाले असते तर कदाचित मुदत मिळाली असती. पण मग कमिटीच्या दप्तरात लिहिलं गेलं असतं की जिल्ह्याची पोरं खोटे कागद करतात. ते उठले आणि म्हणाले, "माझ्या तयारीत चूक झाली." एवढंच. बाहेर आले. छत्री बाकावर विसरली होती, ती मी उचलून दिली. त्यांनी घेतली.

वाटेत मी म्हटलं, "नाना, मला वाटलं, चांगलं दिसावं."

ते चालता चालताच म्हणाले, "तुला त्यांची लाज वाटली."

मी म्हटलं, "नाही, नाना—"

"वाटली. मला तुझी कधी वाटली नव्हती."

मंडळी, त्यांनी मला शिवी दिली असती तर मी आज इथं सुखानं उभा राहिलो असतो. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मला घरी जेवायला बोलवायचे, काकू वाढायच्या. काकू, तुम्हाला त्यांनी सांगितलं नव्हतं ना? तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय. मी तुमच्या हातचं जेवत राहिलो, ह्याचीही लाज आहे. मग त्यांची तब्येत गेली, ते गावी आले, आणि मला निरोप मिळाला तेव्हा मी कुठल्याशा जत्रेत होतो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. केलं होतं असं आज मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं आणखी एक कागद पक्का करायचा नाही मला.

पण हे एवढ्यावर संपत नाही. दौलतराव, तुम्ही मघाशी सांगितलंत, तुमचा धाकटा भाऊ यंदा तिकडं गेला आणि दिवाळीच्या आत परत आला. तुम्ही म्हणालात, त्याचं डोकंच चालत नाही. मंडळी, चालतं. तो विभाग झाला असता तर हा पोरगा आज तिथं असता. तुमचं घर नशिबाला बोल लावतंय, आणि तो बोल माझ्यावर यायला हवा. म्हणून मला तुमच्यापुढं बोलावं लागलं. तुमच्याकडून शाबासकी घेऊन खाली बसवलं नाही.

दादासाहेबांनी मला सांगितलं होतं, तू नानांचा शागीर्द, शेवटी फोटोला हार तू घाल. दादासाहेब, हार मी घालणार नाही. माझा हात तिथपर्यंत जाणार नाही.

दौलतराव, तुमच्या धाकट्याला पुढं पाठवा. तो खांबाआड उभा आहे, खाली मान घालून. ये बाबा, ये. हार तू घाल. काही बोलावंसं वाटलं तर बोल. तुला जसं येतं तसं बोल, अडखळलास तरी इथं कुणी तुझं वाक्य नीट करणार नाही. आणि बोलावंसं वाटलं नाही तर उगी उभा राहा, आम्हीही तुझ्याबरोबर उगी उभे राहू.

उठा, मंडळी. नानांसाठी उभं राहू या. मी मागं जातो.