कार्बाइन आणि दीड एकर

तुम्ही हसणार असाल तर मी सांगतच नाही. लॉकडाऊनच्या पहिल्या महिन्यात इथे कांगारूंच्या देशात आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्स उपनगरातल्या दुकानांतली शेल्फं रिकामी झाली आणि माझ्या डोक्यात बसलं, की आता लोक घरात घुसणार. रोज अमेरिकन व्हिडिओ बघून मी पिस्तुलाची गोळी चालणारी छोटी रायफल, म्हणजे कार्बाइन, पक्की केली. धक्का कमी, नेम सोपा, बायकोलाही झेपेल. एक्सेलमध्ये मॉडेलांची तुलनासुद्धा केली. मग बंदुकीच्या दुकानात फोन लावला.

"लायसन्ससाठी कारण काय देणार?" दुकानदाराने विचारलं.

"घराचं रक्षण."

"ते कारण इथे चालत नाही, मेट," म्हणजे 'मित्रा', असं इथल्या पद्धतीने तो म्हणाला.

मी गोंधळलो. "मग लोक बंदुका घेतात तरी कशाला?"

"शेतात रानडुकरं येतात म्हणून. तुझं शेत आहे?"

म्हणजे डुकरांसाठी बंदूक मिळते आणि बायकोपोरांसाठी नाही! हे काय लॉजिक आहे, मला आजही कळलेलं नाही. पण शेत तर होतं.

"आहे ना! दीड एकर."

"आणि डुकरं?"

"विचारूच नकोस. गेल्या वर्षी सगळा भुईमूग खाल्ला."

"झालं तर मग! शेत कुठे आहे?"

"तालुका पाटण, जिल्हा सातारा."

"हे कुठे आलं? टूवूम्बाच्या पुढे?"

"इंडियात."

 तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मेट, इथून गोळी तिथपर्यंत पोचणार नाही."