चिंधी न बांधलेली गाडी

नाई मनलं ना धनराजभाऊ, तुमच्या कॉन्टेसाच्या एसीत मी चुलीचा गॅस भरणार नाई — कोनी भरो, हाफिज नाई भरणार. तुमी मनान, तो दुसरा मिस्त्री भरून देते, थंडीही मस्त मारते. मारते ना! मी कुठी नाई मनतो? जुन्या गाडीचा बारा नंबर गॅस आता भेटत नाई, भेटला तर मिलावटीचा. मंग राह्यला एकशे चौतीस नंबर — तो भरतो मी, पन त्याले तेल वेगळं लागते, जुनं सारं धुवून काढा, सीलं बदला, पाइप बदला, दोन दिवस गाडी इथीच उभी. आन चुलीचा गॅस? काई बदलाची गरज नाई, अर्ध्या घंट्यात गाडी गार. मनूनच तर लोकं त्याच्याच मांगं लागले.

हसू नका. आमचा अजीम — माहा लहान भाऊ, त्याचे डोळे होते तवा पाह्यलं असल तुमी त्याले — माह्यापेक्षा सवाई मिस्त्री. लीक पाहाले तो दिवा लावे. पेटता दिवा, त्याची रबरी नळी डॅशबोर्डखाली फिरवाची. बारा नंबर सुटत असल तर निळी जोत हिरवी होते. तवा सगळेच तसं करत — बारा नंबर पेटत नाई ना भाऊ! मनून आमचा साऱ्या मिस्त्रीइचा नेम होता, कोनी चुलीचा पेटता गॅस भरला का व्हॉल्वले लाल चिंधी बांधाची. चिंधी दिसली का दिवा नाई, साबनाचं पानी.

त्या एटापल्लीच्या ठेकेदाराच्या गाडीले चिंधी नोती. अजीमनं दिवा लावला आन भडका उडाला. काऊन नोती? काऊन मनजे — भरनाऱ्यानं बांधली नाई! गाडी बाहेरून भरून आली होती, असं सांगतलं मी सगळ्याइले. निशातले, अजीमच्या बायकोले. दवाखान्यात, तोंडाले पट्ट्या असतानी, त्यानं विचारलं, ‘भाईजान, कोनं भरला?’ मी मनलं, कोन जाने बा.

असे काऊन पाहून राह्यले? हो, मीच भरला! अजीम सासऱ्याकडे कुरखेड्याले गेल्ता. त्याची सक्त मनाई होती — हा गॅस आपल्या दुकानात नाई. चिंधी बांधतो, तर कवा ना कवा त्याले दिसली असती, आन लहान भावाचं ऐकून घ्या लागलं असतं मले, बड्या मिस्त्रीले. एवढ्यासाठी भाऊ, एवढ्याशा गोष्टीसाठी! महिन्याभरानं तेच गाडी वापस आली, मी जुम्म्याच्या नमाजले गेल्तो.

सात साल झाले. लोकं मनतेत, हाफिजनं आंधळ्या भावाले वाऱ्यावर सोडलं नाई. मी आइकून घेतो. अन् तो मनते, भाईजान, चूक माहीच, सर्दीनं नाक चोंदलं होतं, वास नाई आला मले. माहीच चूक, मनते तो! लाज वाटते भाऊ, जीव नको वाटते, रोज सांगू मनतो अन् जीभच उचलत नाई —

कोन? ये, ये अजीम, सांभाळून, पान्हे पडले हायत तिथी. निशात, हात धर त्याचा. काई नाई रे, धनराजभाऊ हायत, चुलीचा गॅस भरा मनतेत. तुह्यं कसं झालं तेच सांगून राह्यलो त्याइले... हो, तेच — कोना बाहेरच्यानं भरला होता मनून. जा भाऊ तुमी. गाडी घेऊन जा, आज दुकान बंद.