गिअरबॉक्सचं तेल आणि माझा डावा पाय

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले संस्थेचे चिटणीस आणि कार्यकारिणीचे सदस्य, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो त्या आमच्या शिक्षिका, समोर बसलेले माझे सहविद्यार्थी, त्यांच्या घरची मंडळी, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलेले आमचे हे, ज्यांनी घरातून निघताना 'दोनच शब्द बोल' असं मला बजावलं आहे, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

दोन शब्दांत उरकण्यासारखं असतं, तर ते मी स्वयंपाकघरातच बोलून टाकलं असतं.

मी शिवणकाम करते. पडदे, कोट, गणवेश, येईल ते शिवते. मोठ्या आजारपणात माझा उजवा पाय गेला. म्हणजे जागेवर आहे, पण माझं ऐकत नाही. डावा मात्र शाबूत आहे. या संस्थेकडे एक गाडी आहे. तिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, आणि ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही डाव्या पायाला पुरतील असे बसवून घेतले आहेत. आमच्यासारख्यांना शिकायला शहरात अशी गाडी एकच. तिच्यावर शिकवणाऱ्या या बाई. शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, त्यावरचा पाय बाई कधी काढत नाहीत. म्हणून आम्ही त्यांना माघारी ब्रेकबाई म्हणतो. आज तोंडावर म्हणते. बाई हसताहेत, म्हणजे त्यांच्या कानावर आधीच गेलेलं दिसतंय.

निमंत्रणपत्रिकेत छापलं आहे, 'प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती'. अध्यक्ष महोदय, मी आदरपूर्वक विचारते, कोणाच्या प्रकृतीच्या? बाई मघाशी माझी पिशवी घेऊन जिना चढल्या आणि वर जाऊन माझी वाट बघत उभ्या राहिल्या. धापा मी टाकत होते.

तेव्हा झालं काय, ते सांगते. कारण मघाच्या भाषणांत सगळं आलं, तेवढं राहिलं.

दवाखान्याच्या अलीकडे जो चढ आहे, त्यावर मी गाडी थांबवली होती. समोरचा माणूस रस्ता ओलांडून गेला, मी अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलेना. मी पाय होता तिथेच ठेवला. आणि मग कोणीतरी मागून ढकलून द्यावं तशी ती एकदम उसळली आणि वळणावरच्या भिंतीकडे गेली. बाईंनी आपला ब्रेक दाबला म्हणून नुसता बंपर चेपला. भिंतीशेजारी एक आजोबा औषधाची पिशवी घेऊन उभे होते. त्यांना काही झालं नाही. पण त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेले नाही.

कार्यकारिणीची बैठक झाली. गाडीचं बॉनेट कोणी उघडलं नाही. चिटणीससाहेब म्हणाले, "बाईमाणूस, घाबरल्या असतील. त्यात पायाचा प्रश्न." झालं. निकाल लागला.

माझा हा पाय, मंडळी, आयुष्यभर शिलाई मशीनवर चालला आहे. एकच टाका घालून तो जागच्या जागी थांबतो. हे ब्रेकबाईंनी त्या बैठकीत सांगितलं, आणि वर विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला जमेल?" पण निकाल काही बदलला नाही.

मी जायचं बंद केलं. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, मी आहे ना सोडायला." प्रेमानेच म्हणाले, पण मला ते झोंबलं. त्याहून वाईट पुढे झालं. मशीनवर शिलाई वाकडी गेली की मी पायाकडे बघायला लागले. कापड सरकलं तरी पाय, दोरा तुटला तरी पाय. जो एक अवयव माझ्या बाजूने उभा होता, त्याच्यावरच मी संशय घेऊ लागले. हे नुकसान कुठल्या बंपरमध्ये धरायचं, साहेब?

एके दिवशी ब्रेकबाई दुकानात आल्या. मी पडद्याची पट्टी दुमडत होते. बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "त्या चढावर आज मी स्वतः गाडी चालवली. माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत. तशीच उसळली. चल, ऊठ."

हेच त्यांनी चिटणीससाहेबांनाही सांगितलं होतं. साहेबांचं उत्तर काय? "बाई, आता तुमच्याही पायाचं वय झालं." पत्रिकेतल्या प्रकृतीचा जन्म हा असा झालेला आहे.

आम्ही दोघी मेकॅनिककडे गेलो. त्याने गिअरबॉक्सचं तेल कागदावर टिपून दाखवलं. नवं तेल लालबुंद असतं. हे काळपट तपकिरी होतं, आणि जळका वास. बाई म्हणाल्या, "संस्था म्हणते, कंपनीच सांगते की हे तेल आयुष्यभर बदलायचं नाही." तो म्हणाला, "मोकळ्या रस्त्यावर एका चालीने जाणाऱ्या गाडीचं ठीक आहे. तुमची दिवसभर थांबते, निघते, मागे येते, चढावर लटकते. तिचं तेल तापून तापून मरतं. हे फार आधी बदलायला हवं होतं."

"मग आता बदला."

तो माणूस खरं बोलला, त्याचे मी आभार मानते. म्हणाला, "आता खात्री देत नाही. सुधारेल. किंवा जुन्या गाळामुळे आतल्या चकत्यांची जी काही पकड उरली आहे, तीही जाईल आणि गाडी उभी राहील."

चिटणीससाहेबांना हे कळताच ते म्हणाले, "बघा, म्हणून हात लावू नका." म्हणजे काल गरज नव्हती, आणि आज उशीर झाला. मग या दोहोंच्या मधला दिवस कुठला होता? तो कधी उजाडला, कधी मावळला, आणि तेव्हा आपण सगळे कुठे होतो? 'आयुष्यभर' म्हणताना कोणाचं आयुष्य धरलं होतं? गाडीचं, की भिंतीपाशी उभ्या असलेल्या आजोबांचं?

ब्रेकबाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. एका भाऊंची परीक्षा तोंडावर होती. ते म्हणाले, "बाई, माझी होऊन जाऊ द्या, मग उघडा." त्यांचंही काही चुकलं नाही. त्यांची नोकरी त्या परवान्यावर अडली होती. बाई म्हणाल्या, "गाडी बंद पडली तर दोष माझा. पण कधी निघेल याचा भरवसा नसलेली गाडी मी तुमच्या हातात देणार नाही. तुमच्या पायावर पुन्हा खापर फुटलेलं मला बघायचं नाही."

आणि परवानगीची वाट न बघता त्यांनी गाडी उघडायला दिली.

खालचं झाकण काढलं तेव्हा आतल्या, झिजेचा कीस धरून ठेवणाऱ्या चुंबकावर राखाडी गाळ होता, पण धातूचे तुकडे नव्हते. तुकडे असते तर तेल बदलून उपयोगच नव्हता. मेकॅनिकने मशीन लावून सगळं एकदम उपसलं नाही. आपोआप गळलं तेवढंच जाऊ दिलं, गाळणी बदलली, त्या गिअरबॉक्सला चालणारं तेल भरलं आणि गाडी चालवून पुन्हा आणायला सांगितलं. पहिल्या वेळी फारसा फरक पडला नाही. त्या दिवसांत बाईंचा चेहरा मी पाहिला आहे. कोणाशी धड बोलत नव्हत्या. दुसऱ्यांदा तेल बदललं, आणि त्या मला त्याच चढावर घेऊन गेल्या.

मी थांबले. पाय हलकेच दाबला. गाडी निघाली. नुसती, साधी, निघाली.

सगळ्यांना वाटलं मला आनंद होईल. मला राग आला. इतका, की मी गाडी कडेला घेतली आणि रडले. माझ्या पायाला मी किती बोल लावला होता. ब्रेकबाई शेजारी बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पायाला आराम दिलास ना? आता पुढे घे."

त्या भाऊंचा परवाना त्याच गाडीवर झाला. माझाही.

मघाशी चिटणीससाहेब म्हणाले की गाडी आज ठणठणीत आहे, अर्थात मुळात तिच्यात बिघाड नव्हताच. साहेब, ती ठणठणीत आहे ती या बाईंमुळे, ज्यांना आपण आज शाल देऊन घरी पाठवत आहात. बाईंच्या जागी येणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी मी एवढंच मागते: पुढचं तेल कधी बदलायचं, हे मेकॅनिकला विचारून आत्ताच ठरवा. भिंतीची वाट बघू नका. साहेब मान हलवताहेत. तो होकार मी धरून चालते, सभागृह साक्षीला आहे.

बाई, तुम्ही आम्हाला गाडी शिकवलीत, त्याबद्दल तुमचे आभार. आमच्या शब्दावर विश्वास ठेवलात, त्याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहूनही मला थांबवलं नाही, श्रोत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोघांचीही मी ऋणी आहे. कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, बोलण्यात काही मागेपुढे झालं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी.

रागाची तेवढी क्षमा मागत नाही. तो मी घरून ठरवून आणला होता.